स्टूल पास, डब्याला एटीकेटी

वहीची पाच पानं फाडून मी इतवारीतल्या सराफाकडे तोलायला घेऊन गेले. दुकान ओळखीचं, माझ्या लग्नातल्या पाटल्या तिथल्याच. म्हणून त्यांनी हसत का होईना एक पान काट्यावर ठेवलं, काचेचं झाकण लावलं आणि आकडा वाचला: ६.१९ ग्रॅम. "लोकं मोड आणतात ताई, तुम्ही वही आणून राहिल्या," हेही ऐकवलं.

मी पर्समधून पट्टी काढली. पान १४.८ बाय २१ सेंटीमीटर, म्हणजे ०.०३१०८ चौरस मीटर. वहीच्या पुठ्ठ्यावर ठसठशीत छापलंय '३०० जीएसएम'. जीएसएम म्हणजे चौरस मीटरभर कागदाचं ग्रॅममधलं वजन. छापलेलं खरं असतं तर पान ९.३ ग्रॅम भरलं असतं. भागाकार केला, उत्तर आलं १९९. बाकीची चार पानंही ६.१५ आणि ६.२४ च्या मध्येच बसली. दोनशेचा कागद तीनशेच्या नावाने माझ्या गळ्यात मारलेला. सराफ म्हणाले, "आमच्याकडे एवढी घट असती तर दुकानाला कुलूप लागलं असतं."

ही वही ज्या किटमधून आली ते किट माझ्या मुलाने पुण्याहून ऑनलाइन मागवून पाठवलं. किंमत २,३४९ रुपये. बाहेर बसून चित्र काढायचा सगळा संसार एका थैलीत, अशी जाहिरात. आत काय काय तर अठरा रंगवड्यांचा पत्र्याचा डबा, पोटात पाणी भरायचा ब्रश, स्प्रिंगची आडवी वही, एक काळा पेन, पेन्सिल, खोडरबर, दोन चिमटे आणि घडीचं तीन पायांचं स्टूल. अशी किटं सध्या सहा-सात नावांनी विकली जातात, फोटोसुद्धा तेच असतात, त्यामुळे माझ्या थैलीवर कोणाचं नाव आहे ते सांगून तुमचा काही फायदा नाही. वस्तू ओळखता आल्या म्हणजे झालं. मी जानेवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत नऊ रविवार हे सगळं रस्त्यावर बसून वापरलं, त्यावरून लिहिते आहे.

आता मी कोण ते सांगते, कारण माझ्या खोडी त्याशिवाय कळायच्या नाहीत. मी सरकारी नोकरीत अनुरेखक म्हणून लागले, १९८७ साली. अनुरेखक म्हणजे ट्रेसर. साहेबांनी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ताणून लावायचा आणि रोटरिंगच्या पेनाने रेघ न रेघ उतरवायची. चुकलं तर अर्ध्या ब्लेडने हलक्या हाताने खरवडायचं, वरून नखाने घासून कागद गुळगुळीत करायचा, मग पुन्हा शाई. त्यानंतर अमोनियाच्या वासात प्रिंटा निघायच्या. पुढे आरेखक, म्हणजे ड्राफ्ट्समन झाले, शेवटची काही वर्षं कॉम्प्युटरवरही काढलं, २०२१ ला निवृत्त झाले. चौतीस वर्षांत हजारो इमारती हाताखालून गेल्या असतील, त्यांतली एकही समोर बसून काढली नव्हती.

समोर बसून काढायला निवडली ती महाराजबागेकडच्या बाजूची विद्यापीठाची एक जुनी इमारत. कोणती ते नेमकं लिहीत नाही. तिथल्या चौकीदारदादांनी मला फाटकाबाहेर कडुलिंबाखाली बसू दिलं ते "गर्दी नका करू मॅडम" या एका अटीवर, आणि आमच्या नागपुरात एखादी जागा लिहून टाकली की पुढच्या रविवारी तिथे तर्रीपोह्याचा ठेला लागतो.

त्या भागाचं मला आकर्षण आहे त्याला कारण आहे. मी बी.ए. बाहेरून केलं, १९९१ साली, तेव्हा नुसतं 'नागपूर विद्यापीठ' होतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव २००५ मध्ये लागलं. फॉर्म भरायला त्या भागात चार-पाच खेपा झाल्या असतील, पण माझं लक्ष खिडकी नंबरकडे. मान वर करून इमारत बघितल्याचं आठवत नाही. विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ चं, सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू, सुरुवातीला सहा कॉलेजं आणि ९२७ विद्यार्थी. आज एखाद्या मोठ्या कॉलेजच्या फक्त अकरावी-बारावीत याहून जास्त पोरं असतात. कॉलेजं मात्र विद्यापीठाहून जुनी. हिस्लॉप १८८३ चं, मॉरिस १८८५ चं, आणि आता ज्याला आपण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणतो ते १९०६ साली व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स म्हणून निघालेलं. विद्यापीठ येईपर्यंत इथल्या पोरांच्या परीक्षा आधी कलकत्त्याच्या आणि मग अलाहाबादच्या नावावर. म्हणजे या रस्त्यांवरून फिरताना इमारती आधी आणि विद्यापीठ नंतर, हे ध्यानात ठेवून बघायचं.

पहिल्या रविवारी मात्र मी थेट तिथे गेलेच नाही. हिंमत झाली नाही. छत्रपती चौकातून मेट्रो पकडली आणि झिरो माइलला उतरून चार घोडे नि खांब काढायला बसले. म्हटलं, छोटी वस्तू आहे, हात बसेल. १९०७ सालचा तो सहा बाजूंचा वालुकाश्माचा खांब, आणि त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे १०२०.१७१ फूट. दशांशानंतर तीन आकडे! दगडावर छिन्नीने कोरताना तो शेवटचा एक ज्याने सोडला नाही, त्या माणसाला आमच्या आरेखन शाखेत मी पहिल्या टेबलावर बसवलं असतं. खांब बरा आला. घोडे गाढवं झाली. ते किटच्या माथी मारत नाही.

स्टूलबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण २,३४९ मधली निम्मी किंमत माझ्या मते त्याचीच आहे.

तीन पाय आहेत. चार पायांचं घेऊ नका. फुटपाथच्या टाइल्स कशा वरखाली असतात ते तुम्ही जाणता. चार पायांतला एक पाय नेहमी हवेत राहतो आणि रेघ मारताना माणूस डुगडुगतो. तीन पाय कुठेही टेकतात. मोजणीवाल्यांच्या प्लेन टेबलाला, म्हणजे जागेवरच नकाशा काढायच्या त्यांच्या फळीला, तीनच पाय का असतात, त्याचं कारण हेच. पाय ॲल्युमिनियमचे, मधे एकच बोल्ट, वर जाड कापडाचं त्रिकोणी बसणं. घडी केली की छत्रीएवढं होतं. वजन आमच्या घरच्या काट्यावर साडेसातशे ग्रॅम. बसायची उंची ३८ सेंटीमीटर. माझं वय बासष्ट, गुडघे कुरकुरतात, तरी चाळीस मिनिटं निभावतं. उठताना मात्र कडुलिंबाच्या बुंध्याचा आधार घ्यावा लागतो. शंभर किलोपर्यंत चालतं असं छापलंय. वहीचा अनुभव घेतल्यावर या आकड्यावर विश्वास ठेवायला मी तयार नव्हते, पण आमचे 'हे' चौऱ्याऐंशी किलोचे आहेत आणि ते त्यावर बसून पेपर वाचतात.

पण या ३८ सेंटीमीटरने चित्र केवढं बदलतं, ते मला तिसऱ्या रविवारी कळलं. उभं राहिलं की माझे डोळे जमिनीपासून पावणेपाच फुटांवर. स्टुलावर बसलं की जेमतेम साडेतीन फुटांवर. तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर एक आडवी रेघ कल्पा. त्या रेघेच्या वरचं सगळं, म्हणजे छज्जा, कमानींचे माथे, गच्चीचा कठडा, लांब जाताना खाली उतरत येतं. रेघेच्या खालचं, म्हणजे पायऱ्या आणि जोतं, वर चढत येतं. आणि रेघेवरचं सपाट राहतं. डोळे खाली आले की रेघ खाली येते, मग छज्ज्याचा उतार एकदम तीव्र होतो आणि इमारत अंगावर आल्यासारखी वाटते. शिवाय समोर दोन-चार ॲक्टिव्हा लावलेल्या असल्या की जोतं गायब. दुसऱ्या रविवारी मी अर्धं चित्र उभ्याने काढलं, पाय दुखले म्हणून उरलेलं बसून पूर्ण केलं. घरी येऊन बघते तर डावीकडची बाजू एका माणसाने पाहिलेली आणि उजवीकडची त्याच्या लहान भावाने. तेव्हा एक करा, पहिली रेघ मारण्याआधी ठरवा बसायचं की उभं राहायचं, आणि मग सगळं चित्र तसंच काढा.

माझी अडचण त्याहून खोल होती. आम्ही आयुष्यभर एलिव्हेशन काढलं, म्हणजे इमारतीच्या एका बाजूचा सरळ समोरून, मापात काढलेला नकाशा. एलिव्हेशनमध्ये पहिली खिडकी आणि अकरावी खिडकी सारख्याच मापाची, कारण तिथे कुणी बघणारा नसतोच. रस्त्यावर बसलं की अकरावी खिडकी नखाएवढी होते. डोळ्याला दिसत होतं, हात ऐकत नव्हता. दर वेळी मागची खिडकी मी मोठी करून ठेवायची. शेवटी हात सरळ ताणून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्याने माप धरायला लागले. जवळच्या कमानीची उंची पेन्सिलीवर घ्यायची आणि बघायचं, लांबच्या टोकाच्या किती कमानी त्यात बसतात. माझ्या जागेवरून तीन बसत होत्या. मी काढल्या होत्या दीडच्या हिशोबाने.

आणि ती कमान. १९८९ साली याच भागातल्या एका इमारतीच्या छपराच्या दुरुस्तीचा नकाशा मी ट्रेस केला होता. ही तीच का, ते शपथेवर सांगता येणार नाही, पण व्हरांड्याची लांबी आणि खांबांची संख्या जुळते. त्या नकाशात कमानीच्या उंचीचा आकडा मीच स्टेन्सिलने लिहिला होता. एकास शंभर मापात तो सगळा प्रकार माझ्या करंगळीपेक्षा लहान. कंपास लावला, कंस मारला, पुढच्या शीटला हात घातला. समोर बसल्यावर दिसलं की ती कमान अर्धगोल नाहीच, बसकी आहे, खांद्यावर ओझं घेतलेल्या माणसासारखी. तिच्या पोटात सकाळी साडेसातला निळसर सावली असते, साडेआठला तपकिरी होते, आणि नऊला खालच्या फरशीवरून उडालेला उजेड आत शिरून छताचा लाकडी भाग दिसायला लागतो. पस्तीस वर्षांनी कळलं मी काय ट्रेस केलं होतं ते. असो, परीक्षण चालू आहे.

कागद. दोनशेचा असता आणि चांगला असता तर मी सराफाकडे गेलेच नसते. पण यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो मण्यासारखा उभा न राहता चार-पाच सेकंदांत टीपकागदावर पसरावा तसा आत जातो. म्हणजे कागदाला खळच नीट लावलेली नाही. आकाशाचा एक मोठा हात मारला की पान मुगाच्या पापडासारखं वाकडं होतं, पाणी खळग्यात साचतं आणि तिथे डाग पडतो. दोन चिमट्यांनी काय होणार? मी घरून वाळत घालायचे चार प्लास्टिकचे चिमटे नेले, तेव्हा जरा आवरलं. खोडरबराने जोरात खोडलं की वरचे तंतू उठतात. पेन्सिल आणि पेनासाठी वही चालेल, रंगासाठी नाही. ३० गुण, तेही माझा हात मुळात रेघेचा आहे म्हणून.

हिच्या बदल्यात मी काय केलं ते सांगते, कामी येईल. सीताबर्डीच्या एका दुकानातून खऱ्या ३०० जीएसएमच्या सुती कागदाचा पूर्ण ताव आणला, २२ बाय ३० इंचाचा. तीनदा अर्धा-अर्धा करत गेलं की बरोबर आठ तुकडे होतात, साडेसात बाय अकरा इंचांचे. जुन्या परीक्षेच्या पॅडवर चिमट्यांनी लावायचे. ताव महाग वाटतो, पण आठ रविवार निघतात.

पाण्याच्या ब्रशची गोष्ट फक्त नागपूरकरालाच नीट कळेल. जानेवारीत तो गुणी बाळासारखा वागला. पोट दाबलं की पाणी यायचं, सोडलं की थांबायचं. मार्चच्या तिसऱ्या रविवारी साडेनऊच्या उन्हात तो थैलीबाहेर पडून होता, पाणी अर्धं संपलेलं. उचलला, कमानीवर नेला, आणि न दाबताच टपटप दोन मोठे थेंब नेमके त्या बसक्या कमानीच्या सावलीवर. दीड तासाचं काम वाहून खालच्या पायरीवर आलं. नंतर विचार केल्यावर लक्षात आलं: पोट अर्धं रिकामं, उरलेल्या जागेत हवा, हवा तापली की फुगते आणि पाण्याला पुढे ढकलते. म्हणजे उन्हाळ्यात तो पूर्ण भरून ठेवायचा, हवेला जागा द्यायची नाही, आणि सावलीत टोक वर करून ठेवायचा. हे माहितीपत्रकात एका ओळीत सांगता आलं असतं. जिथे बर्फ पडतो तिथल्या माणसाने ते माहितीपत्रक लिहिलंय बहुतेक. त्यात ब्रश गोठू देऊ नका असं आवर्जून सांगितलंय. बाप्पा! आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो, आम्ही काय गोठवणार?

मी आता साधा सहा नंबरचा गोल ब्रश आणि लोणच्याची जुनी छोटी बरणी नेते.

रंगांचे अठरा खण बघायला छान दिसतात. पण पांढरा रंग पाण्याच्या चित्रात कशाला, तिथे कागदच पांढरा सोडायचा असतो. दोन लाल जवळजवळ सारखे. काळा घेतला की सावली मेलीच. खरी तक्रार वेगळी आहे. पाण्याचा रंग काचेसारखा हवा, खालची रेघ दिसली पाहिजे. मी काळ्या पेनाने जाड पट्टा ओढला, वाळू दिला, त्यावरून एकेक रंग फिरवला. अठरापैकी अकरा रंगांनी काळ्यावर पांढुरकी साय धरली, म्हणजे त्यात खडूसारखं काहीतरी भरलेलं आहे. दगडी भिंतीवर अशी सावली घातली की भिंत चुन्याने पोतारल्यासारखी दिसते. दुसरी चाचणी: सगळ्या रंगांचे पट्टे काढून कागद पश्चिमेच्या खिडकीला चार आठवडे चिकटवला, अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून. जांभळा पार उडाला, गुलाबी ओळखू येईना. बाकीचे टिकले. म्हणून रंगांना सरळ नापास करत नाही, काठावरचे ३५ देते.

खरं तर इमारतीला पाच-सहा रंग पुरतात. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना, म्हणजे आपल्या गेरूचा भाजलेला भाऊ, हे दोन कमी-जास्त मिसळले की करड्याच्या दहा छटा निघतात आणि त्या मेलेल्या दिसत नाहीत. जोडीला यलो ओकर, एक लिंबासारखा पिवळा, एक लाल. हिरवा मी वेगळा घेतच नाही. कडुलिंबाची पालवी आणि जुना आंबा यांचे हिरवे डब्यातल्या हिरव्यात कधीच सापडत नाहीत, ते निळ्या-पिवळ्यातूनच काढावे लागतात. मी कॅमलच्या नळ्या आणल्या. दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेला धंदा, आमच्या शाळेच्या कंपासपेटीपासून ओळखीचा. किटमधल्या नको त्या रंगवड्या काढून रिकाम्या खणांत नळीतला रंग पिळला. डबा म्हणून डबा चांगला आहे, झाकणात रंग कालवायला तीन खळगे आहेत आणि कडा घट्ट बसते. फक्त एक: आपल्याकडच्या कोरड्या हवेत पिळलेला रंग आठ दिवसांत तडकून खणातून सुटतो. पिळतानाच काडीच्या टोकाने ग्लिसरीनचा थेंबभर मिसळला तर धरून राहतो.

पेनाला ६०. टोक ०.३, रेघ एकसारखी, वॉटरप्रूफ म्हणून लिहिलंय आणि ते खरं आहे, मात्र तीन मिनिटं दम धरला तर. लगेच पाणी लावलं तर फिसकटतो. रोटरिंगची सर नाही, पण रोटरिंग दर सोमवारी धुवावा लागायचा आणि सुकला की कानाजवळ धरून हलवत बसायचं, टिक-टिक आवाज आला तर जिवंत. ते दिवस मला परत नको आहेत. पेन्सिल साधी एचबी. खोडरबर चांगलं. थैलीचा पट्टा पाचव्या रविवारी उसवला, घरी शिवला, पुढे काही नाही.

लोकांचं काय, असं मैत्रिणी विचारतात. बाई माणूस एकटी रस्त्यावर बसून चित्र काढणार, लोक काय म्हणतील. तर लोक थांबतात, बघतात, आणि मोकळेपणी चुका दाखवतात. एका रविवारी कसली तरी स्पर्धा परीक्षा होती. तासभर आधी आलेली पोरं माझ्यामागे कोंडाळं करून उभी. एकजण म्हणाला, "काकू, ते टोकाचं खिडकी खाली गेलं बघा." बघते तर खरंच गेलं होतं. दुसऱ्याने विचारलं, "काहून काढून राहिल्या? मोबाइलमध्ये फोटो नाही का येत?" मी म्हटलं, येतो ना, पण त्यात मला काही करावं लागत नाही. त्याला ते फारसं पटलं नाही. बिचाऱ्याचा पेपर होता.

घरातही तोच प्रश्न होता. पहिले दोन रविवार हे मला सोडायला आले आणि गाडीवर बसून राहिले. "अगं, फोटो काढ आणि घरी कूलरसमोर बसून काढ ना निवांत." एकदा तसंही करून पाहिलं. फोटोत व्हरांड्याच्या आतलं सगळं काळं ठिक्कर येतं. डोळ्याला मात्र त्या काळोखात दार दिसतं, दाराशेजारी लावलेली सूचनांची पाटी दिसते, पाटीखाली कुत्रा झोपलेला दिसतो. फोटोवरून काढलेल्या माझ्या चित्रात कुत्रा नाही. आणखी एक, ऊन थांबत नाही; तासाभरात सूर्य पंधरा अंश सरकतो, सावलीच्या कडा बदलतात. म्हणून बसल्या बसल्या पहिल्या पाच मिनिटांत सावलीच्या कडा पेन्सिलीने आखून टाकायच्या, मग सूर्य कुठेही जावो, आपली सावली तीच. हे मला कुणी शिकवलं नाही, तीन चित्रं दोन-दोन सूर्यांची झाल्यावर आपोआप कळलं.

जाणार असाल तर थोडं व्यवहाराचं. सकाळी सातला पोचा, नऊच्या आत उठा; मार्च उजाडला की साडेआठला. उन्हात बसून रंग लावू नका, हात कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं आणि मधे कडक काठ उमटतो. सावलीत बसा, भिंतीचा एकेक तुकडा घेऊन रंगवा, आधी कागद नुसत्या पाण्याने ओलावून घ्या. फाटकाबाहेर फुटपाथवर बसायला मला कुणी हटकलं नाही. आवारात बसायचं असेल तर रीतसर विचारून, लेखी घेऊन बसा. प्यायचं पाणी आणि रंगाचं पाणी वेगळ्या आकाराच्या बाटल्यांत न्या. मी एकदा अल्ट्रामरीन प्यायले आहे. परत येताना कस्तुरचंद पार्कजवळ तर्रीपोहे, वरून जास्तीची तर्री, पण वही आधी थैलीत घालून. तर्रीचा डाग बर्न्ट सिएनापेक्षा पक्का असतो.

किट घ्यावं का, तर पूर्ण किट घेऊ नका. तसंच तीन पायांचं स्टूल सुटं मिळतं, सातशे-आठशेच्या घरात, ते घ्या. कागदाचा एक ताव, नळीतले पाच रंग, एक बरा ब्रश, परीक्षेचं पॅड, घरातले चिमटे आणि लोणच्याची बरणी. सगळं मिळून किटपेक्षा स्वस्त पडलं मला, आणि कागद तीनशेचा म्हणजे तीनशेचाच. तो तुकडाही मी सराफाकडे नेऊन खात्री केली. या वेळी त्यांनी चहा मागवला.

नववं चित्र त्यातल्या त्यात जमलं आहे. अकरावी खिडकी अजूनही थोडी मोठीच आहे. चौकीदारदादांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मॅडम, माझी खुर्ची कुठे आहे यात?" खुर्ची ॲक्टिव्हांच्या मागे लपलेली होती. पावसाळ्यानंतर जाईन तेव्हा उभ्याने काढेन, म्हणजे खुर्ची येईल, असं त्यांना सांगून आले आहे.

सध्या बाहेर बसायची सोय नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कूलर बाहेर काढला, नवीन वाळा भरला. स्टूल त्याच्याशेजारी आहे. रोज संध्याकाळी हे त्यावर बसतात, एका हातात पाइप धरून कूलरमध्ये पाणी भरतात, आणि टाकी भरेपर्यंत मला हाक मारून सांगतात की मुलाने पाठवलेल्या वस्तूंत ही एकच कामाची निघाली.